घरचं वायफाय: डबा कुठे ठेवायचा आणि कुलपं किती लावायची

गेल्या महिन्यात सांगलीला काकांकडे गेलो होतो दोन दिवस, आणि चप्पल काढेपर्यंत काकू म्हणाल्या की बरं झालं आलास, ते नेट बघ जरा, स्वयंपाकघरात येतच नाही. नातेवाईकांत मी "कॉम्प्युटरवाला" आहे, म्हणजे मिक्सर बिघडला तरी मलाच विचारतात, त्यामुळे सवय आहे. बघितलं तर राऊटर हॉलमधल्या शोकेसच्या खालच्या खणात, काचेच्या दाराआड, पुढ्यात पितळी समई आणि पाठीला स्टीलचं कपाट. वायफायचा पासवर्ड काकांचा मोबाईल नंबर. आणि राऊटरच्या सेटिंगचं युजरनेम अ‍ॅडमिन, पासवर्डपण अ‍ॅडमिन, तीन वर्षांपूर्वी फायबरवाला पोरगा जसं लावून गेला तसंच्या तसं.

त्या दुपारी बसून जे जे केलं ते इथे लिहितोय, कारण हेच काम मी आत्तापर्यंत सात-आठ घरांत केलंय आणि सगळीकडे गडबड तीच. दीड-दोन तासांचं काम आहे, बहुतेक वेळा नवीन काही विकत घ्यावं लागत नाही, फक्त घरातल्यांना आधी सांगून ठेवा की तासभर नेट येईल जाईल, कोणाची मीटिंग असेल तर नंतर करा, नाहीतर शिव्या खाल.

आणि एक गोष्ट सुरुवातीलाच. लोकांना वाटतं वायफायला एक पासवर्ड असतो. दोन असतात. एक तो जो पाहुण्यांना सांगतो, तो म्हणजे घराचा दरवाजा. दुसरा राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा, तो म्हणजे तिजोरी, कारण आत गेलेला माणूस पहिला पासवर्ड वाचू शकतो, बदलू शकतो, तुमचं नेट कुठून कसं जाईल तेही ठरवू शकतो. पहिला पासवर्ड बदलणारे बरेच असतात. दुसरा बदललेला मला आजवर एकाच घरात सापडला, आणि त्यांना तो आठवत नव्हता.

आधी जागा बघा

सेटिंगला हात लावायच्या आधी डबा कुठे आहे ते बघायचं, कारण "स्पीड नाही" ही तक्रार पुष्कळदा सेटिंगची नसतेच, जागेची असते. फायबरवाल्याला वायर जिथून आत येते तिथेच डबा ठोकून पुढच्या घरी जायचं असतं, आणि मग तो डबा बरा दिसत नाही म्हणून आपण टीव्ही युनिटच्या पोटात ढकलतो. वायफाय म्हणजे शेवटी रेडिओच. त्याला लाकूड, प्लायवूड फारसं नडत नाही, पण लोखंड, स्टील, आरसा, पाणी आणि जाड भिंत नडते. गोदरेजचं कपाट, फ्रीज, माशांचा टँक, आरशांचा वॉर्डरोब, यातलं काही मध्ये आलं की सिग्नल निम्मा तिथेच संपला. जुन्या वाड्यात दीड-दोन फुटी दगडी भिंती असतात, तिथे एका राऊटरवर सगळं घर चालेल ही अपेक्षाच ठेवू नका.

जागा कशी हवी, तर घराच्या साधारण मध्यावर, उघड्यावर, डोक्याच्या उंचीला. फायबरचा डबा हलवता येत नसेल तर डबा तिथेच राहू द्या आणि त्याच्यापासून लॅनची वायर टाकून वायफायचा राऊटर मध्यावर आणा, लॅनची वायर १०० मीटरपर्यंत चालते, तुमचं घर त्याहून लहानच असणार. मायक्रोवेव्हच्या शेजारी मात्र ठेवू नका, वायफायच्या लहरी ज्या २.४ गिगाहर्ट्झवर चालतात त्याच्याच आसपास तोही चालतो, चहा गरम करायला लावला की व्हिडिओ अडकला असं होतं त्याचं कारण हेच.

काकांकडे फार काही केलं नाही. डबा खणातून काढून शोकेसच्या वर, कपाटापासून लांब, पॅसेजच्या तोंडाशी ठेवला. स्वयंपाकघरात आधी ४-५ एमबीपीएस मिळत होते ते ३० च्या वर गेले. काकू म्हणाल्या एवढंच होतं होय, मग तीन वर्षं काय करत होते हे. काका पेपर वाचत होते.

डबा हलवताना ती बारीक पिवळी किंवा काळी फायबरची वायर जपा हं, आत काचेचा तंतू असतो, ती कोपऱ्यात काटकोनात मुडपायची नाही, गुंडाळी करायची तर तळहाताएवढी मोठी करायची. डब्यातून ती काढायची वेळ आलीच तर हिरव्या टोकात डोळा घालून बघू नका, लेझर चालू असतो आणि तो दिसत नाही.

आत कसं शिरायचं

डबा उलटा करा, खाली स्टिकर असतो, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. त्यावर सेटिंगच्या पानाचा पत्ता असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, जिओच्या डब्यांना १९२.१६८.२९.१. स्टिकर झिजला असेल तर फोनवर वायफायच्या नावावर दाबून तपशिलात जा, गेटवे किंवा राऊटर म्हणून जो आकडा दिसतो तोच. हा आकडा ब्राउझरमध्ये अगदी वर पत्त्याच्या पट्टीत टाकायचा, गूगलच्या चौकोनात नाही (हे सांगायला लागतं, हसू नका). फोनवरून करत असाल तर मोबाईल डेटा बंद करा, नाहीतर फोन हुशारी करून दुसऱ्याच वाटेने जातो आणि पान उघडतच नाही. शक्य असेल तर लॅपटॉपला लॅनची वायर लावूनच करा, कारण वायफायवर बसून वायफायचा पासवर्ड बदलला की दुसऱ्या क्षणी तुम्ही स्वतःच बाहेर फेकले जाता.

पान उघडताना ब्राउझर कधीकधी लाल इशारा देतो की ही साईट सुरक्षित नाही. घरातल्या राऊटरच्या पानासाठी तो ओलांडून पुढे जायला हरकत नाही, राऊटरने स्वतःचं सर्टिफिकेट, म्हणजे साईटचं ओळखपत्र, स्वतःच बनवलेलं असतं म्हणून तो येतो. पण ही सूट फक्त इथेच. बँकेच्या पानावर असला इशारा आला तर तिथल्या तिथे मागे फिरा, का ते पुढे येईलच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आत शिरल्यावर काहीही बदलायच्या आधी प्रत्येक पानाचे फोटो काढा. विशेषतः वॅन किंवा इंटरनेट नावाचं जे पान असतं त्याचे, त्यात पीपीपीओई, युजरनेम, व्हीलॅन आयडी असलं काहीतरी असतं, त्याला हात लावायचा नाही, नुसता फोटो. हे मी एवढं ठासून का सांगतोय तर आमच्या स्वतःच्या घरी मी एकदा शहाणपणा केला होता. सेटिंगचा पासवर्ड विसरलो, तर काय विशेष, मागे रीसेटचं भोक आहे, टाचणी घातली, दहा सेकंद दाबून धरली. डबा छान नवाकोरा झाला आणि कंपनीने टाकलेला व्हीलॅनचा नंबरही पुसला गेला, त्याच्याशिवाय नेट येईना. शनिवारची संध्याकाळ, कंपनीच्या कस्टमर केअरची कॅसेट "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे", आणि बायकोचं सोमवारी सकाळी प्रेझेंटेशन. माणूस सोमवारी दुपारी आला, चार आकडे टाकले आणि दोन मिनिटांत गेला. ते चार आकडे आता माझ्या फोनमध्ये, मेलमध्ये आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर, अशा तीन ठिकाणी आहेत.

काही कंपन्या सेटिंगचा पासवर्ड ग्राहकाला देतच नाहीत. भांडत बसण्यापेक्षा स्वतःचा वेगळा राऊटर घेऊन त्यांच्या डब्याला जोडा आणि त्यांच्या डब्याचं वायफाय बंद करायला सांगा, मग तिजोरीची किल्ली तरी तुमच्याकडे.

तिजोरीचा पासवर्ड

मेनूमध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, सिस्टिम टूल्स, मॅनेजमेंट अशा कुठल्यातरी नावाखाली पासवर्ड बदलायची जागा असते. पहिलं काम हे. वायफायचा पासवर्ड आहे तोच इथे टाकू नका, नाहीतर दोन कुलपांना एकच किल्ली झाली.

कंपनीतून आलेला पासवर्ड तसाच ठेवल्याने काय होतं याचं मोठं उदाहरण २०१६ चं आहे. मिराई नावाचा एक प्रोग्रॅम होता, तो फार हुशारही नव्हता, त्याच्याकडे साठेक युजरनेम-पासवर्डची यादी होती, अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन, रूट-१२३४५६ असल्या जोड्या, आणि तो इंटरनेटवर दिसणाऱ्या कॅमेऱ्यांना, डीव्हीआरना, राऊटरना एकेक जोडी लावून बघायचा. एवढ्यावर लाखो डबे त्याच्या ताब्यात गेले, आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यांनी मिळून असा मारा केला की अमेरिकेत ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या साईट्स काही तास अडखळल्या. ज्यांच्या घरात ते कॅमेरे होते त्यांना पत्ताही नव्हता. नेट जरा हळू चालतंय एवढंच.

दरवाज्याचा पासवर्ड

वायरलेसच्या पानावर तीन गोष्टी बघायच्या, नाव, सुरक्षेचा प्रकार आणि पासवर्ड.

नाव काहीही ठेवा, पण आडनाव आणि फ्लॅट नंबर नको, खाली पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या माणसाला कुठलं नेट कोणाचं हे कळायची काय गरज. आणि नाव लपवायचा जो पर्याय असतो ना, त्याच्या नादी लागू नका, शोधणाऱ्याला ते साध्या अ‍ॅपने दिसतं आणि त्रास फक्त पाहुण्यांना.

सुरक्षेचा प्रकार. इथे चार-पाच पर्यायांची लांब यादी दिसते आणि लोक घाबरतात. डब्ल्यूईपी हा १९९७ चा, २००१ मध्येच फुटला, आता काही मिनिटांत फुटतो, तो लावणं आणि दार उघडं टाकणं सारखंच. नुसतं डब्ल्यूपीए २००३ चं, तेही नको. डब्ल्यूपीए-टू २००४ चं, त्याच्यापुढे एईएस (माहिती गुप्त करायची पद्धत) लिहिलेलं हवं. टीकेआयपी ही जुनी पद्धत असेल तर नको, ते कच्चं तर आहेच शिवाय त्यावर स्पीड ५४ एमबीपीएसच्या पुढे जात नाही, म्हणजे ३०० चा प्लॅन घेऊन तुम्ही स्वतःच पायात बेडी घातली. डब्ल्यूपीए-थ्री २०१८ चं, सगळ्यात चांगलं, पण जुने फोन आणि टीव्ही ते ओळखत नाहीत, म्हणून डब्ल्यूपीए-टू आणि थ्री एकत्र असा जो पर्याय असतो तो निवडा. तो नसला तर डब्ल्यूपीए-टू एईएस, पुरतं.

आता पासवर्ड. काकांचं म्हणणं होतं की मोबाईल नंबर बरा, दहा आकडी आहे, कोण एवढं ओळखणार. गणित असं आहे की डब्ल्यूपीए-टूमध्ये तुमचा फोन राऊटरला जोडला जाताना जी बोलणी होतात ती बाहेरचा माणूस हवेतून टिपून घेऊ शकतो. एकदाच. मग घरी जाऊन निवांत अंदाज लावत बसतो, तुमच्या राऊटरला पत्ताही लागत नाही. भारतातले मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे एकूण पर्याय ४०० कोटी. ऐकायला खूप वाटतात, पण गेम खेळायचं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला लाखो अंदाज करतं, त्यामुळे सगळे ४०० कोटी काही तासांत संपतात. आणि काकांचा नंबर तर गेटवरच्या पाटीवरच आहे, त्याला कार्डही नको.

पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. अवघड चिन्हं घालून आठ अक्षरी करण्यापेक्षा लांब करा. माझी पद्धत अशी की एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत, मध्ये एखादा आकडा. खलबत्ता रेनकोट ४७ पिठलं तिकीट, असं काहीतरी. हा नका घेऊ, हा आता मी सांगितला. डोळे मिटून घरातल्या वस्तू आठवा आणि उलटसुलट करा. स्वामींचं नाव, मुलाचं नाव, गाडीचा नंबर, शिवजयंतीची तारीख, हे सगळं आधी वापरून बघितलं जातं. टीव्हीच्या रिमोटने टाकायला जीवावर येतं हे खरं आहे, पण ते एकदाच.

राऊटर नवा घेतलाय आणि वायफायचा जुना पासवर्ड चांगलाच आहे, तर नाव आणि पासवर्ड तेच ठेवा, अक्षर न अक्षर सारखं, म्हणजे घरातली सगळी यंत्रं आपोआप जोडली जातात, कोणाला काही कळतही नाही.

सानपाड्याची गोष्ट

"आमचं नेट कोणी वापरलं तर वापरलं, अनलिमिटेड आहे, काय जातंय आपलं" असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांना मी २००८ ची गोष्ट सांगतो. २६ जुलैला अहमदाबादला बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी न्यूज चॅनेलांना धमकीचा मेल गेला. पोलिसांनी माग काढला तर तो निघाला नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटच्या इंटरनेट जोडणीवर. तिथे एक अमेरिकन गृहस्थ राहत होते, त्यांचा मेलशी काही संबंध नव्हता, त्यांचं वायफाय दुसऱ्याच कोणीतरी वापरलं होतं, पण घराची झडती, कॉम्प्युटर जप्त, जाबजबाब हे सगळं त्यांच्या वाट्याला आलं. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांच्या वेळचा मेल चेंबूरमधल्या एका ऑफिसच्या वायफायवरून गेला होता. पुढे २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलीस शहरात फिरून उघडी वायफाय शोधणार असं जाहीर झालं. मुद्दा एवढाच की पोलीस नेट जोडणीचा नंबर, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस धरून येतात आणि तो अ‍ॅड्रेस ज्याच्या नावावर बिल त्याचा.

बंद करायच्या गोष्टी

डब्ल्यूपीएस. राऊटरवर बटण असतं, दाबलं की पासवर्ड न टाकता यंत्र जोडलं जातं, सोयीचं आहे. पण त्याला आठ आकडी पिनचा दुसरा रस्ताही असतो, आणि तो पिन राऊटर दोन तुकड्यांत तपासतो, पहिले चार बरोबर का, मग पुढचे तीन, शेवटचा आकडा हिशोबाने येतो. त्यामुळे कोटीभर अंदाजांऐवजी जास्तीत जास्त ११,००० अंदाजांत काम होतं. हे २०११ च्या डिसेंबरात उघड झालं आणि तरी अजून डबे डब्ल्यूपीएस चालू ठेवूनच येतात. तुमचा खलबत्ता-रेनकोट कितीही लांब असो, हे मागचं दार उघडं असेल तर काही उपयोग नाही. बंद करा.

रिमोट मॅनेजमेंट म्हणजे बाहेरून, इंटरनेटवरून राऊटरचं सेटिंग उघडता येणं. घरगुती माणसाला याची गरज नसते, बंद. (टीआर-०६९ नावाचं काही दिसलं तर ते तुमच्या कंपनीचं असतं, त्यातून ते अपडेट पाठवतात, ते राहू दे.) यूपीएनपी म्हणजे घरातलं कुठलंही यंत्र तुम्हाला न विचारता राऊटरकडून बाहेरच्या जगासाठी दार उघडून घेऊ शकतं, प्लेस्टेशनवाल्या पोरांना ते लागतं, बाकीच्यांनी बंद करून बघावं, काही अडलं नाही तर बंदच ठेवावं.

मॅक फिल्टर, म्हणजे यंत्राच्या ओळख-नंबरावरून कोणाला आत घ्यायचं ते ठरवणं, त्यावर वेळ घालवू नका. नवे फोन प्रत्येक वायफायला वेगळाच बनावट मॅक अ‍ॅड्रेस दाखवतात, अँड्रॉइड १० पासून आणि आयफोन आयओएस १४ पासून, त्यामुळे घरातलीच माणसं बाहेर राहतात आणि चोर मॅक नक्कल करून आत येतो.

फर्मवेअर, म्हणजे राऊटरच्या आतला प्रोग्रॅम, तो अपडेट मात्र करा. आपोआप अपडेटचा पर्याय असेल तर चालू, नसेल तर दिवाळीची साफसफाई काढाल तेव्हा एकदा आणि उन्हाळ्यात एकदा हाताने. अपडेट चालू असताना लाईट जाता कामा नये, डबा अर्ध्यात मेला तर उठत नाही, म्हणून इन्व्हर्टर असेल तेव्हाच. ज्या राऊटरला तीन-चार वर्षांत एकही अपडेट आलेला नाही तो म्हातारा झाला, बदला.

पाहुणे आणि कॅमेरे

गेस्ट नेटवर्क नावाचा पर्याय बहुतेक राऊटरमध्ये असतो आणि तो मला सगळ्यात जास्त आवडतो. वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, आणि त्यावर बसलेल्याला फक्त इंटरनेट मिळतं, तुमचा लॅपटॉप किंवा प्रिंटर दिसत नाही. गणपतीत तीस माणसं येऊन जातात, प्रत्येकाला मुख्य पासवर्ड देण्यापेक्षा हा द्या आणि विसर्जन झालं की बदलून टाका. क्यूआर कोड छापून देव्हाऱ्याशेजारी लावायची हल्ली पद्धत आहे, चालेल, पण तो गेस्टचाच हवा. त्या कोडमध्ये पासवर्ड उघडा लिहिलेला असतो, कोणीही फोटो काढून वाचू शकतो.

पाहुण्यांबरोबर आणखी एक गँग या गेस्टवर टाकायची, ती म्हणजे स्वस्तातले कॅमेरे, स्मार्ट बल्ब, गीझरचे प्लग. यांना अपडेट क्वचित येतात, म्हणून ते घरातल्या लॅपटॉपच्या शेजारी नकोत. दोन अडचणी येतात. एक, वायफायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतात आणि ही यंत्रं बहुतेक २.४ वरच चालतात, फोन ५ वर असला की जोडणी होत नाही, मग पाच मिनिटं राऊटरचं ५ गिगाहर्ट्झ बंद करून जोडा आणि परत चालू करा. दुसरी, टीव्ही गेस्टवर टाकला तर फोनवरून टीव्हीवर व्हिडिओ टाकता येत नाही, म्हणून टीव्ही मुख्य नेटवरच.

स्पीडचं थोडं

२.४ लांब जातं, भिंती पार करतं पण हळू, ५ वेगवान पण एक-दोन भिंतींत दमतं. शक्य तिथे दोन्हींना एकच नाव द्या, फोन आपला ठरवतो. बिल्डिंगमध्ये वीस राऊटर असतील तर २.४ चं चॅनेल आपोआपवर न सोडता १, ६ किंवा ११ यातलं जे मोकळं असेल ते टाका, कारण हे तीनच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. मोकळं कुठलं ते फोनवरच्या वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅपमध्ये दिसतं. ५ मध्ये ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१. मधली चॅनेलं रडारशी वाटून घेतलेली आहेत, तिथे राऊटर सुरू होताना आधी मिनिटभर कान देऊन ऐकत बसतो आणि आपल्याला वाटतं वायफाय बंद पडलं.

प्लॅन २०० चा आणि स्पीड ९०-९५ च्या वर जातच नाही, अगदी डब्याजवळ बसूनही? मग वायफाय सोडा आणि वायर बघा. लॅनच्या वायरीत आठ तारा असतात, त्यातल्या चारच नीट जोडल्या असतील किंवा राऊटरचं पोर्टच १०० चं असेल तर तिथेच अडतं. आणि १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबी नव्हे, ८ ने भागा, साडेबारा एमबी, हे भांडायला फोन करायच्या आधी लक्षात ठेवा.

वरच्या मजल्यावर येत नाही म्हणून लोक रिपीटर घेतात आणि तो जिथे सिग्नल नाही तिथे लावतात. अहो, त्यालाच ऐकू येत नाही, तो पुढे काय सांगणार! अर्ध्या वाटेवर लावा. त्यातही साधा रिपीटर स्पीड जवळजवळ निम्मा करतो, त्यापेक्षा जिन्यातून एक लॅनची वायर वर न्या आणि घरात पडलेला जुना राऊटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकून लावा. म्हणजे तो नुसतं वायफाय वाटतो. असा मोड नसेल तर जुन्याचा डीएचसीपी (यंत्रांना आकडे वाटायचं काम) बंद करा, त्याला १९२.१६८.१.२ असा वेगळा आकडा द्या आणि वायर वॅनच्या भोकात न लावता लॅनच्या भोकात लावा. जुन्यालाही वरची सगळी कुलपं लागतात बरं का.

लाईट गेली की नेट जातं यावर हजार-दीड हजाराचा मिनी यूपीएस मिळतो, बऱ्याच डब्यांना १२ व्होल्ट लागतात, अडाप्टरवर वाचा. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत, अँपिअर तेवढा किंवा जास्त चालतो.

डीएनएस

मघाशी बँकेच्या इशाऱ्याचं म्हणालो ते हे. तुम्ही साईटचं नाव टाकता तेव्हा त्या नावाचा नंबर कुठला हे सांगणारी जी डिरेक्टरी असते ती डीएनएस. राऊटरमध्ये शिरलेला माणूस ही डिरेक्टरी बदलून स्वतःची लावू शकतो, मग तुम्ही बँकेचं नाव अगदी बरोबर टाकता आणि उघडतं भलतंच पान. तिथे सर्टिफिकेटचा इशारा येतो, आणि घाईत आपण तो ओलांडतो. म्हणून डीएचसीपी किंवा इंटरनेटच्या पानावर डीएनएसचे आकडे बघा. तिथे कंपनीचे असतील किंवा ८.८.८.८ (गूगल), १.१.१.१ (क्लाउडफ्लेअर), ९.९.९.९ (क्वाड-नाइन) असतील तर ठीक. अनोळखी दिसले तर कंपनीला फोन करून खात्री करा, त्यांचे नसतील तर बदला, तिजोरीचा पासवर्ड बदला आणि राऊटर बंद करून चालू करा. लहान मुलं असतील तर १.१.१.३ टाका, नको त्या साईट्स बऱ्याच अडतात, मोफत आहे. पैसे गेलेच असतील तर राऊटर नंतर, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

सगळ्यात शेवटी जोडलेल्या यंत्रांची यादी. राऊटरमध्ये कनेक्टेड डिव्हाइसेस किंवा डीएचसीपी क्लायंट लिस्ट असतं. पासवर्ड बदलायच्या आधी ती यादी बघून ठेवा, मजा येते. काकांकडे अकरा होती. मी आणि काकू कागद घेऊन बसलो, काकांचा फोन, काकूंचा फोन, टॅब, टीव्ही, गेटवरचा कॅमेरा, माझा फोन, माझा लॅपटॉप. एक ईएसपी असं काहीतरी विचित्र नावाचं निघालं, तो गीझरचा प्लग. एक प्रिंटर. एक चुलतभावाचा जुना फोन, जो ड्रॉवरमध्ये चार्जिंगला लावून विसरला होता. अकरावा एक फोन कोणाचाच नव्हता. काका एकदम गंभीर झाले, म्हणाले हॅकर असेल. पासवर्ड बदलला, सगळं बाहेर फेकलं, एकेक परत जोडलं, दहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला बेल वाजली. वरच्या मजल्यावरचा दहावीतला मुलगा, दप्तर पाठीला. "काका, तुमचं वायफाय कालपासून बंद आहे का हो?"

काकांनी माझ्याकडे बघितलं, मी काकूंकडे बघितलं. काकू पोळी लाटत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "मीच दिला होता, त्याचा ऑनलाइन क्लास होता. आता ते गेस्टवालं काय म्हणालास ते दे त्याला."